तंजावरच्या भातखाचरांतील आखू : एक प्राणी आणि त्याची नावे

भारतीय भाषांतील वाङ्मयात उंदीर वारंवार येतो. तो वैदिक मंत्रांत येतो, अर्थशास्त्रात येतो, कथाग्रंथांत येतो, संघकालीन तमिळ काव्यात येतो आणि गणपतीच्या पायाशीही बसलेला दिसतो. एका भाषेतून दुसऱ्या भाषेत नेताना ह्या सर्व ठिकाणी ‘उंदीर’ एवढा एकच शब्द वापरला जातो, आणि वाचकाच्या डोळ्यांपुढे घराच्या आढ्यावरून पळणारा, लांब शेपटीचा परिचित प्राणी उभा राहतो. परंतु शेतात राहणारा, जमीन उकरणारा आणि धान्याचा साठा करणारा उंदीर हा निराळा प्राणी आहे. त्याची शरीररचना, वसतिस्थान आणि स्वभाव ही घरातील उंदराहून वेगळी आहेत. ज्या वाङ्मयात तो येतो त्याचा अर्थ पुष्कळदा ह्या वेगळेपणावरच अवलंबून असतो. हा प्राणी समजून घेण्यास कावेरीच्या मुखाकडील तंजावरचा भातप्रदेश विशेष सोयीचा आहे. तेथे त्याचे आणि शेतकऱ्याचे वर्ष एकाच पाण्यावर चालते, आणि त्याच्या साठवणीच्या सवयीची नोंद तमिळ कवितेने फार पूर्वीच करून ठेवली आहे.

१. व्होल आणि शेत-उंदीर

युरोपीय ग्रंथांतून शेतातील उंदरांचा विचार करणाऱ्या वाचकाला प्रथम ‘व्होल’ हे नाव भेटते. बोथट तोंड, केसांत जवळजवळ लपलेले लहान कान, आखूड शेपूट आणि गवतावर उपजीविका ही व्होलची ठळक लक्षणे होत. उत्तर गोलार्धातील थंड व समशीतोष्ण प्रदेशांत ह्या प्राण्यांच्या अनेक जाती आहेत. युरोपच्या उत्तर भागात त्यांची संख्या साधारणपणे तीन ते पाच वर्षांच्या अंतराने अतोनात वाढते आणि पुन्हा कोसळते. चार्ल्स एल्टन ह्या ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञाने ह्या चढउतारांवर १९४२ साली लिहिलेला ग्रंथ प्राण्यांच्या लोकसंख्येच्या अभ्यासातील पायाभूत ग्रंथ मानला जातो. इंग्रजी बालवाङ्मयातील प्रसिद्ध पात्रांपैकी एक, केनेथ ग्रॅहम ह्यांच्या १९०८ सालच्या ‘द विंड इन द विलोज’ मधील ‘रॅटी’, हाही वस्तुतः उंदीर नसून पाण्याकाठचा व्होल आहे. म्हणजे नावाचा हा घोटाळा केवळ भारतीय भाषांपुरता नाही.

भारतात व्होल आढळतात ते हिमालयात व ईशान्येकडील उंच डोंगराळ भागात. काश्मीर, लडाख, सिक्कीम ह्या प्रदेशांत त्यांच्या काही जाती आहेत. दख्खनच्या पठारावर किंवा तमिळ मैदानात एकही व्होल नाही. त्यामुळे मराठीत, तमिळमध्ये किंवा तेलुगूत त्याला स्वतंत्र शब्दही नाही. निसर्गात मात्र त्याची जागा रिकामी राहिलेली नाही. बांधात बीळ करणे, उभे पीक बुडाशी कुरतडणे, अनुकूल काळात झपाट्याने वाढणे आणि घुबडांचे मुख्य अन्न होणे ही जी कामगिरी उत्तरेकडे व्होल करतो, ती दक्षिणेच्या शेतांत खऱ्या उंदरांच्या कुळातील काही जाती करतात. तंजावरच्या परिसरात अशा तीन जाती प्रमुख आहेत : छोटी घूस, म्हणजे शास्त्रीय नावाने बँडिकोटा बेंगालेन्सिस, मऊ केसांचा शेत-उंदीर, मिलार्डिया मेल्टाडा, आणि अगदी लहानसा शेत-उंदीर, मुस बुदुगा. कोरड्या, रेताड जमिनीकडे गेल्यास त्यांच्या जोडीला टाटेरा इंडिका हा लांब मागच्या पायांचा, गोंडेदार शेपटीचा उंदीरही भेटतो. ह्यांपैकी भाताच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची जात पहिली होय, आणि पुढील विवेचन मुख्यतः तिच्याविषयी आहे.

२. पाण्याचे पंचांग

जुना तंजावर जिल्हा म्हणजे जवळजवळ संपूर्ण कावेरी त्रिभुज प्रदेश. १९९१ नंतर त्यातून नागपट्टिनम व तिरुवारूर हे जिल्हे निघाले आणि २०२० मध्ये मयिलाडुतुरै हा आणखी एक जिल्हा झाला. तथापि शेतीच्या दृष्टीने हा सगळा भाग एकच आहे. कल्लणै ह्या प्राचीन बंधाऱ्यापासून कावेरीचे फाटे निघतात, त्यांचे पाट होतात, पाटांचे चर होतात आणि अखेर पाणी एका खाचरातून दुसऱ्या खाचरात उतरते. १९३४ साली मेट्टूर धरण पूर्ण झाल्यापासून ह्या पाण्याला एक ठरावीक तारीख मिळाली. धरणात पुरेसा साठा असेल तर १२ जून रोजी दरवाजे उघडावयाचे आणि २८ जानेवारीस बंद करावयाचे, असा प्रघात आहे.

ह्या पाण्यावर तीन हंगाम बसविलेले आहेत. जूनमध्ये सुरू होणारे अल्पमुदतीचे पीक कुरुवै. ऑगस्टच्या सुमारास लावले जाणारे व जानेवारीत कापले जाणारे दीर्घमुदतीचे पीक सांबा. आणि कुरुवै काढल्यावर त्याच खाचरात घेतलेले दुसरे पीक ताळडी. ऑक्टोबर ते डिसेंबर ह्या काळात ईशान्य मोसमी पाऊस पडतो. भात निघाल्यावर ओलीवर उडीद किंवा मूग पेरतात. त्यानंतर मेअखेरपर्यंत जमीन उघडी पडते आणि तापून भेगाळते.

उंदराचे वर्ष ह्याच पंचांगाप्रमाणे चालते. उन्हाळ्यात शेतात अन्न नसते. तेव्हा तो पाटांच्या काठांना, नारळीच्या बागांना, गवताने भरलेल्या पडीक तुकड्यांना आणि गावालगतच्या पेंढ्याच्या उडव्यांना आश्रय घेतो. शेतात पाणी सुटले, चिखलणी झाली, लावणी झाली की खाचराचा तळ त्याच्या उपयोगाचा राहत नाही, परंतु बांध उपयोगाचा होतो. चारी बाजूंनी पाणी आणि मध्ये मातीची कोरडी भिंत, अशी जागा बिळाला उत्तम असते. तो चांगला पोहतो. पाणी ही त्याला अडचण नसून एक प्रकारचा खंदकच असतो. पीक पोटरीत आले की माद्यांची वीण वाढू लागते आणि लोंबी भरून पिकेपर्यंत ती जोरात असते. पिले बाहेर पडून स्वतः खाऊ लागतात तेव्हा शेत पिकलेले असते. कापणी झाली की पुन्हा पांगापांग होते, पुष्कळ उंदीर मरतात आणि थोडे उरलेले पुढील पाण्याची वाट पाहतात.

ह्यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. गावात एकाच वेळी लावणी आणि एकाच वेळी कापणी होत असेल, तर उंदराला विणीचा एकच लहान काळ मिळतो. एका शेतात पीक निसवत असताना शेजारी कापणी आणि पलीकडे लावणी चालू असेल, तर मात्र अन्नाची साखळी तुटत नाही आणि वीण लांबत जाते. तंजावर हा १९६० नंतर सघन कृषी कार्यक्रमासाठी निवडलेल्या पहिल्या जिल्ह्यांपैकी एक. आडुतुरै येथील १९२२ साली स्थापन झालेल्या भात संशोधन केंद्रातून निघालेल्या ‘एडीटी २७’ सारख्या अल्पमुदतीच्या वाणांमुळे १९६० नंतरच्या दशकात येथे दुबार पीक वाढले. माणसाच्या ताटात त्यामुळे भर पडली. परंतु वर्षातून अधिक महिने उभे पीक म्हणजे उंदरालाही अधिक महिने सुगी, ही त्याच बदलाची दुसरी बाजू होय.

३. शरीर आणि स्वभाव

छोटी घूस साधारणपणे वीतभर लांबीची असते आणि पूर्ण वाढलेल्या प्राण्याचे वजन बहुधा दोनशे ते साडेतीनशे ग्रॅमच्या दरम्यान भरते. अंग थोराड, डोके रुंद, तोंड आखूड व बोथट, कान गोलसर आणि शेपूट शरीरापेक्षा आखूड असते. अंगावरील केस राठ व काळपट तपकिरी असतात. चिडली म्हणजे ती पाठीवरचे लांब केस ताठ उभारते आणि डुकरासारखा घुरघुर आवाज काढते. घरातील काळा उंदीर चढण्यात पटाईत असतो; त्याची लांब शेपूट तोल सांभाळते. छोटी घूस चढणारी नव्हे, खणणारी आहे. पुढच्या पायांची बळकट नखे आणि रुंद, पुढे आलेले कृंतक दात ही तिची अवजारे आहेत. हे दात जन्मभर वाढत राहतात. त्यांच्या फक्त पुढच्या बाजूवर कठीण लुकण असते. त्यामुळे मागची बाजू लवकर झिजते आणि दाताला पटाशीसारखी धार राहते. कुरतडणे ही उंदराची खोड नसून गरज आहे, ती ह्यामुळे.

भाताच्या खाचरात ह्या दातांची खूण सहज ओळखता येते. रोपाचे खोड बुडापासून काही अंगुळांवर तिरके कापलेले असते. पीक लहान असताना असे नुकसान झाले तर भात नवे फुटवे काढून काही प्रमाणात ते भरून काढतो. पोटरीनंतर कापलेल्या खोडाची भरपाई मात्र होत नाही. एक उंदीर जेवढे खातो त्याहून पुष्कळ अधिक कापतो. बांधापासून थोडे आत, खाचराच्या मध्यभागी, त्याने कापलेले मोकळे वाफे दिसतात आणि कडेचे पीक मात्र उभे राहते. त्यामुळे बांधावरून चालणाऱ्याला नुकसान उशिरा कळते.

गर्भधारणेचा काळ सुमारे तेवीस दिवसांचा असतो. एका वेळी सरासरी सात-आठ पिले होतात. अनुकूल स्थितीत ही संख्या याहून बरीच अधिक असू शकते. पिले जन्मतः आंधळी व केसहीन असतात. महिन्याभरात ती आईपासून सुटतात आणि सुमारे तीन महिन्यांत स्वतः विण्याजोगी होतात. विल्यानंतर लगेच मादीला पुन्हा गर्भ राहू शकतो. हा हिशेब ध्यानात घेतला म्हणजे एका हंगामात बांध कसे पोखरले जातात ह्याचे आश्चर्य वाटत नाही.

असे असूनही हा प्राणी कळपाने राहणारा नाही. एका बिळात बहुधा एकच प्रौढ प्राणी असतो. मादी असेल तर तिची पिले सोबत असतात. दोन प्रौढ एकमेकांना सहन करीत नाहीत. शहरात धान्याच्या मुबलक साठ्यापाशी मात्र तो दाटीने राहू शकतो. मुंबई व कलकत्ता येथील गोदामांत विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ह्याच जातीने आपला जम बसविला होता, आणि कलकत्त्याच्या गोदामांतील तिच्या जीवनक्रमाचा सविस्तर अभ्यास १९६८ मध्ये प्रसिद्ध झाला. शेतातला आणि गोदामातला प्राणी एकच. वागणूक परिस्थितीप्रमाणे बदललेली.

४. बीळ आणि साठा

छोट्या घुशीच्या बिळाची पहिली खूण म्हणजे तोंडाशी पडलेला ताज्या, भुसभुशीत मातीचा ढिगारा. प्राणी आत असेल तर तोंड बहुधा मातीने बुजविलेले असते. आत वळणावळणाचे बोगदे असतात. ते फार खोल नसले तरी लांबवर जातात. त्यांत गवत किंवा पेंढा पसरलेली झोपण्याची खोली असते, एक किंवा अधिक कोठारे असतात, आणि मातीच्या पातळ थराने झाकलेली चोरवाटही असते. संकट आले की हा थर फोडून प्राणी बाहेर पडतो. सर्पाने किंवा माणसाने मुख्य तोंड अडवले तरी तो दुसरीकडून निसटतो.

सर्वांत लक्षणीय भाग कोठाराचा. पीक पिकू लागले की हा प्राणी लोंब्या तोडून, तोंडात धरून बिळात नेतो आणि एकावर एक रचून ठेवतो. एका बिळातून शेकडो ग्रॅम, क्वचित किलोहून अधिक भात मिळतो. कापणीनंतरच्या रिकाम्या दिवसांसाठी ही तरतूद असते. विणीच्या काळात मादीला पिलांजवळ राहून खाता यावे, हाही तिचा उपयोग असावा. मात्र साठा जेवढा केला जातो तेवढा वापरला जातोच असे नाही. पुष्कळदा धनी मरतो आणि धान्य तसेच जमिनीत राहते.

संघकालीन पुऱनानूऱु ह्या संग्रहातील १९० व्या कवितेत नेमका हाच प्राणी आहे. ही कविता चोळन् नल्लुरुत्तिरन् ह्या नावावर नोंदलेली आहे. म्हणजे कवी चोळ घराण्यातला आहे. पिकाची वेळ साधून, वाकलेली कणसे नेऊन बीळ भरणाऱ्या उंदरासारखे जे कद्रू लोक आपली संपत्ती घट्ट धरून बसतात, त्यांची मैत्री नको, असे तीत म्हटले आहे. त्यांच्या विरुद्ध टोकाला कवी वाघाला उभे करतो. मारलेले डुक्कर डाव्या बाजूला पडले तर वाघ ते खात नाही. उपाशी राहून दुसऱ्या दिवशी मोठ्या शिकारीस निघतो. अशा पुरुषाची मैत्री असावी, हा कवितेचा आशय.

येथे ‘एलि’ ह्या तमिळ शब्दाचे भाषांतर नुसते ‘उंदीर’ असे केले तर उपमा अर्धी राहते. घरातला उंदीर चोरटा असतो, कोठारे भरणारा नसतो. कवीने पाहिलेला प्राणी शेतातला आहे, पिकण्याची वेळ ओळखणारा आहे, सुटे दाणे नव्हे तर सबंध कणीस नेणारा आहे आणि ते बिळात रचणारा आहे. आज ज्या वर्तनासाठी प्राणिशास्त्र छोट्या घुशीला ओळखते ते हे सर्व वर्तन कवितेच्या दोन-तीन ओळींत आलेले आहे. कवीने त्यावर नैतिक निवाडा लादला आहे, ही गोष्ट वेगळी. निसर्गाच्या दृष्टीने ही कृपणता नसून उन्हाळ्याची बेगमी आहे; परंतु निरीक्षण अचूक असल्याशिवाय निवाड्याला धार आली नसती.

वैदिक वाङ्मयातही असेच एक निरीक्षण आहे. संस्कृतात ह्या वर्गातील प्राण्यांना दोन प्राचीन नावे आहेत. ‘मूषिक’ हे चोरी करणे ह्या अर्थाच्या ‘मुष्’ धातूशी जोडले जाते, तर ‘आखु’ हे खणणे ह्या अर्थाच्या ‘खन्’ धातूशी. पहिले नाव घरातील प्राण्याला शोभते, दुसरे शेतातील प्राण्याला. अथर्ववेदाच्या सहाव्या कांडातील पन्नासावे सूक्त पिकाचा नाश करणाऱ्या जीवांविरुद्ध अश्विनांची मदत मागते. त्यात आखूचे नाव आहे. शतपथ ब्राह्मणात अग्न्याधानाच्या साहित्यात ‘आखुकरीष’, म्हणजे आखूने वर काढलेली माती, सांगितली आहे. आणि आखूंना पृथ्वीचा रस ठाऊक असतो म्हणून ते खोल जातात, असे तिचे कारण दिले आहे. बिळाच्या तोंडाशी पडणारा तो भुसभुशीत ढिगारा ज्याने पाहिला आहे त्याला ह्या विधानाचा उगम कळतो. उत्तरेकडे असा ढिगारा करणारी, नेसोकिया नावाची आणखी एक खणणारी जात आहे. त्यामुळे वैदिक आखु म्हणजे नेमकी कोणती जात हे ठरविणे शक्य नाही. तो घरातला उंदीर नव्हे, एवढे मात्र निश्चित म्हणता येते.

५. नावांचे स्थलांतर

दक्षिणेतील लोकभाषांनी हे भेद अधिक काटेकोरपणे जपले आहेत. तमिळमध्ये ‘एलि’ हे सामान्य नाम. त्याच्याआधी शेत ह्या अर्थाचा ‘वयल्’ किंवा बांध ह्या अर्थाचा ‘वरप्पु’ हा शब्द जोडून शेत-उंदीर सांगितला जातो. मोठ्या घुशीला ‘पेरुच्चाळि’ हे अगदी स्वतंत्र नाव आहे, तर कोरड्या रानातील फिकट उंदराला ‘वेळ्ळेलि’, म्हणजे पांढरा उंदीर, म्हणतात. तेलुगूत घुशीला ‘पंदिकोक्कु’ म्हणतात. पंदि म्हणजे डुक्कर, आणि तो घुरघुराट ज्याने ऐकला आहे त्याला हे नाव पटते. हेच नाव इंग्रजीत ‘बँडिकूट’ झाले, त्यावरून शास्त्रीय नाव ‘बँडिकोटा’ तयार झाले, आणि पुढे ते ऑस्ट्रेलियातील एका पिशवीधारी प्राण्यालाही चिकटले. त्या प्राण्याचा उंदराशी काहीएक संबंध नाही. मराठीत ‘उंदीर’ हा संस्कृत ‘उन्दुरु’पासून आलेला शब्द सर्वसामान्य आहे आणि ‘घूस’ हा मोठ्या, पोखरणाऱ्या प्राण्यासाठी. घूस लागणे म्हणजे पाया आतून पोखरला जाणे, हा मराठीतील अर्थ प्राण्याच्या खऱ्या स्वभावातून आलेला आहे.

शास्त्रीय नामकरणाचा एक धागा मराठी मुलखाशीही जुळतो. वॉल्टर एलियट ह्या इंग्रज अधिकाऱ्याने धारवाडच्या परिसरात राहून त्या काळी दक्षिण मराठा देश म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्रदेशातील सस्तन प्राण्यांची यादी तयार केली. ती १८३९ मध्ये मद्रासच्या एका विद्वत्-पत्रिकेत छापली गेली. त्याने उंदरांची माहिती मिळविली ती मुख्यतः वडारांकडून. तळी खणणारे आणि मातीकाम करणारे हे लोक उंदरांची बिळे उकरीत, उंदीर खात आणि बिळातील धान्यही घेत. मऊ केसांच्या शेत-उंदराचे शास्त्रीय नाव ‘मेल्टाडा’ हे त्यांच्या बोलीतील नावावरून आले आहे, आणि छोट्या घुशीसाठी ‘कोक’ हे लोकनामही त्याच प्रदेशातून शास्त्रात गेले. १८२६ साली पावसाने सुरुवातीला ओढ दिल्यावर ह्या उंदरांची संख्या इतकी वाढली की पेरलेले बीही राहिले नाही आणि शेतकऱ्यांना सारा भरता आला नाही, असे एलियटने नोंदविले आहे. वडारांनी धान्याच्या मोबदल्यात हजारो उंदीर मारले, तरी संख्येत फरक दिसला नाही. कारणही त्याच नोंदीत आहे : हे उंदीर उन्हाळ्यात काळ्या जमिनीच्या भेगांत राहतात आणि पहिल्या जोरदार पावसाने भेगा मिटल्या की पुष्कळ मरतात. तो पाऊस आला नाही, म्हणून ते वाचले.

तंजावरला ही नोंद लावून पाहता येते. तेथे ते काम पावसाऐवजी पाटाचे पाणी करते. ठरल्या वेळी, सगळ्या शिवारात एकदम पाणी आले तर खाचरांतील बिळे बुडतात आणि उंदीर बांधांवर एकवटतात. तेथे त्यांना पकडणे सोपे असते. २०१२ ते २०१९ ह्या सलग आठ वर्षांत मेट्टूरचे पाणी १२ जूनला सोडता आले नाही. २०२० मध्ये ते पुन्हा ठरल्या दिवशी सुटले. पाणी लांबले की लावणी विस्कळित होते, आणि विस्कळित लावणी उंदराच्या पथ्यावर पडते.

६. शत्रू, सापळे आणि राज्य

उंदरांचा बंदोबस्त हा राज्याचा विषय आहे, ही कल्पना भारतात जुनी आहे. कौटिल्याने दैवी संकटांत अग्नी, पूर, रोगराई, दुष्काळ ह्यांच्या बरोबरीने उंदीर मोजले आहेत. त्यांवर मांजरे व मुंगूस सोडावेत, निवडुंगाच्या चिकाने माखलेले धान्य ठेवावे, आणि गरज पडल्यास उंदरांच्या रूपाने कर घ्यावा, असे तो सांगतो. मुंगूस वा मांजर मारणाऱ्यास दंडही आहे. शेतीवरील सहा ‘ईतीं’त अतिवृष्टी व अनावृष्टी ह्यांच्या पाठोपाठ मूषक येतात. ही भीती अतिशयोक्त नव्हती. मिझोरममध्ये १९५९ साली बांबू फुलल्यानंतर उंदरांनी जो दुष्काळ ओढवला, त्यातून उभी राहिलेली मदत-संघटना पुढे १९६१ मध्ये राजकीय पक्ष झाली. बांबूचा तोच फुलोरा २००७ च्या सुमारास पुन्हा आला.

तंजावरच्या भातशेतीने ह्यावर स्वतःचे अवजार शोधले. बांबूच्या कांबीचा, दोरीने ताणलेला धनुष्याकृती सापळा तेथे ‘एलिक्किट्टि’ नावाने ओळखला जातो आणि कृषितज्ज्ञही त्याला तंजावरचाच सापळा म्हणतात. संध्याकाळी तो उंदराच्या वाटेवर खोचतात. आमिषाला तोंड लागताच ताण सुटतो आणि दोरीचा फास आवळतो. पहाटे सापळे गोळा करावयाचे. हे काम करणारे सापळेकरी शेतोशेत फिरतात आणि त्यांना उंदरांची वाट, बिळाचे ताजेपण व पिकाची अवस्था हे सर्व नजरेने कळते. सापळ्याचे यश बांबूपेक्षा ह्या नजरेवर अधिक अवलंबून असते. झिंक फॉस्फाइडसारखी विषे स्वस्त व सोपी पडतात. परंतु उंदीर एकदा आजारी पडला की त्या आमिषापासून दूर राहतो, आणि विष खाल्लेले उंदीर खाऊन इतर प्राण्यांनाही धोका पोहोचतो.

त्या इतर प्राण्यांत पहिला मान घुबडाचा. गव्हाणी घुबड आपल्या भक्ष्याची हाडे व केस गोळीच्या रूपाने ओकून टाकते; ह्या गोळ्या फोडून ते काय खाते हे नेमके सांगता येते. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात असा अभ्यास झाला असून घुबडाच्या आहाराचा बहुतांश भाग शेत-उंदरांचा असल्याचे दिसले आहे. म्हणून खाचरात इंग्रजी ‘टी’ अक्षरासारखे खुंट रोवून घुबडांना बसण्याची सोय केली जाते. नट्रिणै ह्या संघकालीन संग्रहातील ८३ व्या कवितेत गावाच्या पाणवठ्याजवळच्या मोठ्या झाडावर राहणाऱ्या घुबडाला विनवणी आहे : प्रियकर येण्याच्या रात्री घूत्कार करू नको, तुला तुपातल्या मांसान्नाबरोबर भाजलेला उंदीर देऊ. घुबड अशुभ मानणाऱ्या परंपरेत ही कविता वेगळी उठून दिसते, कारण घुबडाला काय आवडते हे तिला ठाऊक आहे.

७. धान्य कोणाचे?

बिळातील धान्याचा प्रश्न केवळ प्राणिशास्त्राचा नाही. दक्षिण मराठा देशातील वडारांप्रमाणेच बिहारातील मुसहरांविषयीही बिळे उकरून धान्य मिळविण्याची नोंद आहे, आणि त्यांच्या जातिनामाचा संबंध लोक उंदराशीच जोडतात. तंजावर हा मोठ्या जमिनींचा आणि भूमिहीन मजुरांचा प्रदेश. ज्याच्या मालकीचा बांध, त्याच्या दृष्टीने बिळातला भात हा चोरीला गेलेला माल. ज्याच्या मालकीचा बांध नाही, त्याच्या दृष्टीने तो सुगीनंतरचा वेचा. उंदराचे मांसही असेच. शेतमजुराच्या घरी ते हंगामातील साधे अन्न असू शकते. जमीनधारकाला ते अधोगतीचे टोक वाटते.

२०१६ साली कावेरीचे पाणी व ईशान्य मोसमी पाऊस दोन्ही चुकले. त्यानंतर २०१७ च्या मार्च-एप्रिलमध्ये तमिळनाडूतील शेतकऱ्यांनी दिल्लीत जंतरमंतर येथे धरणे धरले आणि दातांत उंदीर धरून आपली स्थिती दाखविली. आता उंदीर खाण्यावाचून गत्यंतर नाही, हा त्याचा अर्थ देशाने लगेच ओळखला. परंतु ही खूण समजण्यासाठी उंदीर खाणे म्हणजे सर्वस्व गमावणे, हे गृहीत धरावे लागते. ज्यांच्याकडे मुळातच गमावण्याजोगे काही नव्हते, ते ह्या खुणेत कोठे बसतात, हा प्रश्न तसाच राहतो. पुऱनानूऱुच्या कवितेतही कणीस बिळात नेणारा कृपण आहे. ते बिळातून बाहेर काढणारा हात तिथे नाही.

ह्या विवेचनातून वाङ्मयाच्या अभ्यासकाला एक व्यावहारिक सूचना घेता येईल. जुन्या ग्रंथात ‘आखु’, ‘मूषिक’, ‘एलि’, ‘उन्दुरु’ असे शब्द आले की तो प्राणी घरात आहे की शेतात, तो चढतो की खणतो, दाणे पळवतो की कणसे साठवतो, हे मजकुरातच पाहावे. पुष्कळदा कवीने त्याचे उत्तर दिलेले असते. भाषांतरात ‘शेत-उंदीर’ किंवा ‘छोटी घूस’ असा एक शब्द अधिक वापरल्याने ओळ थोडी लांबेल. परंतु तीतील बांध, पाणी आणि पिकाची वेळ वाचकापर्यंत पोहोचेल.